पहिला तो राजा

इंग्रजीतला ‘फर्स्ट’ मुळात तमभाववाचक: ‘फोर’ म्हणजे पुढे, म्हणून ‘फर्स्ट’ म्हणजे सगळ्यांत पुढचा. त्यातला ‘स्ट’ परका नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ यांतल्या संस्कृत ‘इष्ठ’चा तो सख्खा भाऊ. स्वीडिश, डॅनिशमध्येही हाच शब्द ‘पहिला’ या अर्थी चालतो. जर्मन मात्र पहिल्याला ‘एर्स्ट’ म्हणतात, म्हणजे सर्वांत लवकरचा. मग त्यांचा ‘फर्स्ट’ गेला कुठे? तो गादीवर बसला! जर्मन ‘फ्युर्स्ट’ आणि डच ‘फोर्स्ट’ म्हणजे राज्यकर्ता. आपण तरी ‘पुढे’वरून ‘पुढारी’च केला ना? लिश्टनस्टाइनच्या राजाची जर्मन पदवी आजही ‘फ्युर्स्ट’च आहे.