खतावणीचे कुलूप आणि त्याची किल्ली

भाव गुप्त ठेवण्याची युक्ती आपल्या बाजाराला नवी नाही. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवीत. महाराष्ट्रातील जुने व्यापारी आपसात नंदभाषा बोलत. उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाईक समोर उभे असले तरी त्याला काही उमगत नसे. मात्र यात एक उणीव होती. ज्याला ही भाषा एकदा समजली, त्याला सगळ्याच दुकानांचे भाव समजले.

अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहिण्याच्या गुप्त लिपीचेही असेच होते. नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल्-किंदी यांनी दाखवून दिले की प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजा, लिपी उलगडते. गुप्त लिपी फोडण्याच्या शास्त्रावरील आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो.

संगणकावरील आजचे कुलूप या मोजणीला दाद देत नाही. त्याची पद्धत जगजाहीर आहे, छापून प्रसिद्ध झालेली आहे. गुपित असते ती फक्त किल्ली. ज्या किल्लीने बंद करायचे त्याच किल्लीने उघडायचे, म्हणून तिला सममित किल्ली म्हणतात. १९७७ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेल्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ साली खास बनविलेल्या यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली. २००१ साली दोन बेल्जियन तज्ज्ञांची एईएस ही पद्धत प्रमाण झाली. तिची किल्ली कमीत कमी १२८ बिटांची. शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी होते, तेव्हा एकेक लावून पाहण्याची बातच सोडा.

आपल्या दुकानासाठी कोणी प्रोग्राम लिहून देत असेल तर त्याला एक प्रश्न जरूर विचारावा : कुलूप स्वतः बनविले की तयार लायब्ररीतून घेतले? संगणकाच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे तयार सुट्या भागांचे कपाट. शिरोलीचा कारखानदार बेअरिंग स्वतः घडवीत बसत नाही, पारखलेले विकत आणतो. इथेही घरगुती कुलूप म्हणजे धोका होय. पायथॉन भाषेत फर्नेट नावाची अशी सोय फुकट मिळते. ती ४४ चिन्हांची किल्ली तयार करून देते. फाइल बंद करताना दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा मिसळते. त्यामुळे तीच उधारीची यादी दोनदा बंद केली तरी दोन्ही वेळचा मजकूर निराळा दिसतो. शिवाय लाखेच्या मोहरेसारखी एक खूण जोडते. मध्ये कोणी एक अक्षर जरी बदलले तरी फाइल उघडतच नाही, चूक दाखविते. हुपरीच्या चांदीचे वजन किंवा इचलकरंजीच्या सुताचा हिशेब पाठविताना ही मोहर गुप्ततेइतकीच मोलाची आहे.

ज्यांना प्रोग्रामशी देणेघेणे नाही त्यांनी सेव्हन-झिप वापरावे. पासवर्ड देताना फाइलींची नावेही झाकण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर आतील मजकूर बंद आणि पार्टीचे नाव उघडे, असा प्रकार होतो. पासवर्ड म्हणून दुकानाचे नाव किंवा मोबाइल नंबर देऊ नये. कुलूप कितीही भारी असो, असा पासवर्ड ओळखायला कितीसा वेळ लागणार?

आता खरी अडचण. हे कुलूप मालकालाही ओळखत नाही. टॅलीमध्ये व्हॉल्टचा पासवर्ड लावता येतो, पण तो विसरला तर हिशेब परत मिळत नाही. किल्ली हरवली तर उधारी बुडाली असेच समजावे. किल्ली कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावी आणि कुटुंबातील एका जबाबदार माणसाला जागा सांगून ठेवावी. त्याच संगणकावर, फाइलीशेजारी किल्ली ठेवणे म्हणजे कुलपातच किल्ली अडकवून घरी जाणे.

हेच कुलूप दुसऱ्याच्या हाती पडले की काय होते, ते जून २०१७ मध्ये न्हावा शेवा येथे दिसले. नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामने मर्स्क समूहाचे जगभरातील संगणक बंद पाडले. जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्याकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. खंडणी मागितली होती, पण पैसे भरूनही किल्ली मिळण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हतीच. अशा वेळी कामी येते ती वेगळी ठेवलेली नक्कल. म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आणि हिशेबनिसाला बंद फाइल ईमेलने पाठविली असेल तर पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये, फोन करून सांगावा.