सोलापुरात गाडी बदलायची आहे? मधल्या ५ तासांचा प्लॅन मोबाइलवर असा करा

समजा, पहिली गाडी सकाळी १० ला सोलापूरला पोचते आणि पुढची दुपारी ३ ला आहे. मधला वेळ प्लॅटफॉर्मवर कशाला काढायचा? फक्त प्लॅन शेवटाकडून सुरू करा.

१. परतायची वेळ: ३ च्या गाडीसाठी सव्वादोनला स्टेशनवर यायचं. मोबाइलमध्ये दीडचा अलार्म आत्ताच लावून टाका.

२. ठिकाणं: गूगल मॅप्सवर सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ला सेव्ह करा. मंदिर तळ्यात, किल्ला त्याच तळ्याच्या काठाला. एका फेरीत दोन्ही होतात. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. मॅप्स रस्त्याचा वेळ सांगतं, दर्शनाच्या रांगेचा नाही. त्यामुळे ते पुढच्या खेपेला ठेवा.

३. जेवण: हॉटेलचे ताजे रिव्ह्यू बघा. मॅप्सवरची उघडण्याची वेळ जुनी असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करा. बसून जेवायला वेळ नसेल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घ्या. दोन्ही प्रवासात टिकतात.

४. गाडीची स्थिती: रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दोन्ही गाड्या बघत राहा. पुढची गाडी तासभर लेट दिसली तरी निवांत बसू नका, कारण वाटेत ती वेळ भरून काढू शकते.

आणि पहिलीच गाडी उशिरा पोचली तर? किल्ला कमी करा. सव्वादोन मात्र हलवू नका.