हवेतला वायू प्रकाशाने मोजायला कसं शिकवायचं?

आजचा भाग बीएस्सी-बीटेकला शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी: हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड प्रकाशाने कसा मोजायचा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे शेवटी कोडवर येणारच.

बिअर-लॅम्बर्टचा नियम सगळ्यांना पाठ असतो. वायू जितका जास्त आणि प्रकाशाची वाट जितकी लांब, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. हा वायू निळा प्रकाश शोषतो, म्हणून तपकिरी दिसतो. मग नळीत हवा भरली, निळा एलईडी लावला की झालं?

नाही ना! आधी मुलांना गणित करू द्या. आपल्याकडे या वायूची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. तेवढा वायू १० सेंटिमीटरच्या नळीत असला, तर निळा प्रकाश साधारण दोन लाखांत एक भाग कमी होतो. एलईडी जरा तापला तरी त्याचा उजेड याहून जास्त बदलतो. तीच वाट १ किलोमीटर केली, की घट सुमारे ५ टक्के. ही मोजता येते.

म्हणून दोन रस्ते. पहिला, वायू द्रावणात साठवायचा, रसायनांनी गुलाबी रंग आणायचा आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा. कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे जमतं. पण सुधारित जेकब्स-हॉकहायझर पद्धतीच्या द्रावणात विषारी सोडियम आर्सेनाइट असतं, तेव्हा ते शिक्षकांनीच हाताळावं.

दुसरा, दिव्याचा झोत दूरच्या गच्चीवरच्या आरशावरून परत आणायचा. गोम अशी, की वाटेतली धूळसुद्धा प्रकाश अडवते. पण धुळीचा परिणाम तरंगलांबीनुसार हळूहळू बदलतो, तर वायूच्या आलेखात बारीक चढउतार असतात. संथ भाग वजा करायचा, चढउतार जुळवायचे. उलरिक प्लाट आणि सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास ही पद्धत मांडली. तिला डोआस म्हणतात.

आता कोड. पायथॉनमध्ये हे जुळवणं दहा-बारा ओळींचं काम आहे. तयार लायब्ररी देऊ नका, मुलांना लिहू द्या. आणि उत्तरासोबत त्रुटीही मागा. ७० अधिक-उणे ५ आलं, तर हवा मर्यादेत आहे असं म्हणता येतं. ७० अधिक-उणे ३० आलं, तर काहीच म्हणता येत नाही. ॲपवर नुसता ७० दिसला, तर “किती कमी-जास्त?” हे विचारायला मुलं इथेच शिकतात.

भेटू पुढच्या भागात!