शिट्टी दिसते तेव्हा

शंभर मीटर शर्यतीच्या आरंभरेषेवर धावपटू वाकून बसतो, तेव्हा त्याची नजर जमिनीवर खिळलेली असते. ज्याला ऐकू येतं, त्याचं पिस्तुलाच्या आवाजावर भागतं. कर्णबधिरांच्या डेफलिंपिक्समध्ये मात्र धावपटूच्या नजरेच्या टप्प्यात, जमिनीलगत एक छोटा दिवा ठेवलेला असतो. लाल लागला की जागा घ्यायची, पिवळ्याला कंबर उचलायची आणि हिरव्याला सुटायचं. पोहण्याच्या तलावाकाठीही अशीच सोय असते. फुटबॉलचा पंच शिट्टीबरोबर झेंडाही फडकावतो. तरी एखादा गडी मान खाली घालून चेंडू पळवत असेल, तर त्याला कोणीतरी समोर जाऊनच थांबवावं लागतं.

ही स्पर्धा पॅरालिंपिक्सची धाकटी बहीण असावी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. खरं तर ती थोरली. पहिली पॅरालिंपिक्स 1960 साली रोमला झाली, तर कर्णबधिरांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऑगस्ट 1924 मध्ये पॅरिसला. युजीन रुबेन्स-आल्के या कर्णबधिर फ्रेंच मेकॅनिकच्या पुढाकारानं नऊ देशांचे 148 खेळाडू तिथं जमले होते. डेफलिंपिक्स हे नाव 2001 पासूनचं. जो कान त्यातल्या त्यात बरा, त्याचीही श्रवणशक्ती किमान 55 डेसिबलनं कमी असेल, तरच प्रवेश मिळतो. श्रवणयंत्र असो वा कॉक्लिअर इम्प्लांटचं बाहेरचं यंत्र, सामन्याआधी काढून ठेवावंच लागतं. त्यामुळे रोजच्या सरावात यंत्र वापरणाऱ्यालाही ऐन सामन्यात नि:शब्दच खेळावं लागतं.

बॅडमिंटनची दुहेरी आठवून बघा. दोघांच्या मधोमध शटल आलं की एकजण ‘माझं!’ म्हणून ओरडतो आणि दुसरा बाजूला होतो. इथं ते ओरडणंच नाही. कोण कुठला कोपरा सांभाळणार, हे सरावातच अंगात मुरवावं लागतं. प्रशिक्षकाचीही तीच गत. खेळाडूनं वळून पाहिल्याशिवाय काठावरून त्याला काहीच सांगता येत नाही. म्हणून अशा पथकाबरोबर दुभाष्या नेणं ही चैन नव्हे. पंचांचा निर्णय, बदललेलं वेळापत्रक, उत्तेजक चाचणीची सूचना हे सगळं त्याच्याच हातांतून खेळाडूपर्यंत पोचतं. शिवाय भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आणि अशा स्पर्धांत वापरतात ती आंतरराष्ट्रीय खुणांची पद्धत वेगळी.

मग प्रेक्षकांनी काय करायचं? दोन्ही हात उंचावून पंजे मनगटातून हलवायचे, ही झाली जगभरची टाळी. नोव्हेंबर 2025 मध्ये डेफलिंपिक्स भरवताना टोकियोनं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. कर्णबधिरांना सोबत घेऊन, जपानी सांकेतिक भाषेच्या आधारानं, सगळ्यांनी मिळून करायच्या प्रोत्साहनाच्या खुणाच बसवल्या आणि त्यांना ‘साइन येल’ म्हटलं. मला ही कल्पना फार आवडली. एरवी आपण घसा फोडून जे ओरडतो, ते खेळाडूसाठी कमी आणि स्वतःसाठीच जास्त असतं!

त्या टोकियोत भारतानं 20 पदकं मिळवली, त्यांतली बहुतेक नेमबाजीतली. आपल्या महाराष्ट्राची प्रांजली धुमाळ 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकली. त्याआधी, 2022 मध्ये ब्राझीलच्या काशियास दो सुल इथं 16 पदकं मिळाली होती. त्यांत मदुराईच्या जर्लिन जयरत्चगनची बॅडमिंटनमधली तीन सुवर्णं होती. 2017 ला तुर्कीतल्या सॅमसनमध्ये आपली पदकं होती अवघी पाच.

पदकं वाढली, पण परतल्यावरची वागणूक त्याच वेगानं बदलली असं काही म्हणता येणार नाही. हरियाणाचा मल्ल वीरेंदर सिंग, ‘गूंगा पहलवान’ नावानं ओळखला जाणारा, 2005, 2013 आणि 2017 अशा तीन डेफलिंपिक्सचा सुवर्णविजेता. नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याला पद्मश्री मिळाली. लगेच तो पदकं घेऊन दिल्लीतल्या हरियाणा भवनासमोर पदपथावर जाऊन बसला. पॅरा खेळाडूंना जे हक्क मिळतात, तेच कर्णबधिरांनाही द्या, एवढीच त्याची मागणी होती. पुढच्याच वर्षी तो ब्राझीलला गेला आणि 74 किलो गटात कांस्यपदक घेऊन आला.