बलाम कोणाचा संदेष्टा?

बायबलातील संदेष्टे इस्राएल वंशातलेच असावेत, हा ख्रिस्ती धर्मविचारातला आग्रह निव्वळ कुळाच्या अभिमानातून आलेला नाही. 'अनुवाद' ग्रंथाच्या १८व्या अध्यायात मोशे सांगतो, की देव तुमच्या भाऊबंदांतूनच माझ्यासारखा संदेष्टा उभा करील. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पेत्र हे वचन येशूला लावतो. येशू त्या भाऊबंदांतला नसेल, तर सारी साखळीच तुटते. इ.स. १४४च्या सुमारास रोममध्ये मार्शियनने इस्राएलचे ग्रंथ टाकून द्यायला निघावे, आणि मंडळीने ग्रंथ ठेवून त्यालाच बाहेर काढावे, ते यामुळेच. आपल्या गोव्यातले १६१६चे 'क्रिस्तपुराण'देखील आधी जुना करार सांगते, मग येशूकडे वळते.

पण मग बौराचा मुलगा बलाम याचे काय करायचे? तो फरात नदीकाठचा, परका. मवाबाचा राजा बालाक त्याला इस्राएलाला शाप देण्यासाठी बोलावतो आणि त्याच्या तोंडून निघतात आशीर्वादच. (वाटेतला देवदूत या द्रष्ट्याच्या आधी त्याच्या गाढवीला दिसतो! लिहिणाऱ्याने त्याची फारशी भीड ठेवलेली नाही.) याकोबातून तारा उदय पावेल, हे भाकीतही त्याचेच. पुढे ओरिजेनने ताऱ्यामागून आलेल्या मागी लोकांचा संबंध याच बलामशी जोडला. उलट पेत्राचे दुसरे पत्र त्याला लोभी ठरवते. तरी त्याचा उल्लेख मात्र 'संदेष्टा' असाच करते.

ही अडचण ऑगस्टीनने ईयोबाच्या निमित्ताने हाताळली. देवाची प्रजा म्हणून निवडलेले राष्ट्र इस्राएलच. परंतु देवाची माणसे इतर राष्ट्रांतही होती, आणि अदोमी वंशाचा ईयोब त्यांतलाच, असे तो म्हणतो. मला याहून पौलाचा शब्द नेमका वाटतो. रोमकरांस लिहिताना तो म्हणतो, की देवाची वचने यहुद्यांकडे सोपवली गेली. म्हणजे ती ठेव झाली. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो. पण तिचा ठावठिकाणा विचारायचा तो त्यालाच.

१९६७ साली जॉर्डनमधील देर अल्ला येथे गिलाव्यावर शाईने लिहिलेला, इ.स.पू. ८००च्या सुमाराचा मजकूर सापडला. त्यात बौराचा मुलगा बलाम हा देवांचा द्रष्टा म्हणून येतो. रात्री त्याला दर्शन होते, सकाळी तो रडतो. इस्राएलचा तेथे संबंध नाही. तो गिलावा पडून त्याचे तुकडे झाले होते, आणि पुष्कळ ओळी आता लागत नाहीत. बलामचे पूर्ण बोल वाचायचे तर आजही ज्यांना तो शापायला निघाला होता, त्यांचाच ग्रंथ उघडावा लागतो.