दोघांची जत्रा
हाँगकाँगच्या डिस्नेलँडची सहल, बेताच्या खर्चात

संसारात एक वेळ अशी येते की घरात माणसे दोनच उरतात. मुलगा बंगळूरला, मुलगी सासरी. दोन कप चहा, दोन ताटे आणि सकाळचे एकच वर्तमानपत्र. घराचे कर्ज फिटलेले असते, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे बँकेत पडलेले असतात. मग एखाद्या संध्याकाळी विषय निघतो, ''अहो, एकदा परदेश पाहू या का?'' ''पाहू की. पण कुठे?'' यावर उत्तर येते ते जरा दबक्या आवाजात, ''हसू नका हं. मला ते डिस्नेलँड पाहायचे आहे.''

आवाज दबका अशासाठी, की डिस्नेलँड म्हणजे मुलांचा खेळ, अशी आपली पक्की समजूत. मुले लहान होती तेव्हा पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा मुले मोठी झाली. आता साठीच्या उंबरठ्यावर मिकी माऊसच्या गावाला जायचे म्हणजे शेजारीपाजारी काय म्हणतील?

खरे पाहता डिस्नेलँडची कल्पना सुचली ती एका प्रौढ माणसालाच. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसत आणि बाप बाकावर बसून राही. मोठ्यांनी नुसते बाकावर का बसावे, त्यांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा का नसावी, असे त्यांच्या मनात आले. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे पहिले डिस्नेलँड उघडले. तेव्हा आयुष्यभर बाकावर बसून मुलांच्या चपला सांभाळलेल्या आईबापांचा या जागेवर हक्क पहिला!

हाँगकाँगच का?

अमेरिका लांब आणि महाग. टोकियोचे उद्यान १९८३ सालचे, पॅरिसचे १९९२ चे. दोन्ही देखणी, परंतु दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा काढावा लागतो आणि राहण्याचा खर्चही मोठा. १२ सप्टेंबर २००५ रोजी लांताव बेटावर उघडलेले हाँगकाँगचे डिस्नेलँड मात्र बेताच्या पैशात बसणारे आहे. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांचे अंतर, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि उद्यानाच्या दारापर्यंत आगगाडी. शिवाय हे उद्यान आकाराने आटोपशीर आहे. काहीजण यालाच उणेपणा मानतात. पण गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेल्या दोघांना एका दिवसात सारे पाहून होते, हा फायदाच म्हणायचा.

आणखी एक गंमत. उद्यान बांधताना कंपनीने चिनी वास्तुशास्त्राचा, म्हणजे फेंगशुईचा, सल्ला घेतला आणि प्रवेशद्वाराची दिशा बारा अंशांनी फिरवली. आठ हा आकडा तिकडे शुभ, म्हणून हॉटेलातील मोठ्या दालनाचे क्षेत्रफळ ठेवले ८८८ चौरस मीटर. मुहूर्त पाहिल्यावाचून भूमिपूजन न करणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

पाकिटांची जुनी रीत

पूर्वी पगाराच्या दिवशी घरोघरी पाकिटे होत: वाण्याचे, दुधाचे, भाड्याचे. परदेशच्या सहलीलाही हीच रीत उत्तम. सहा पाकिटे करावीत आणि एकातले पैसे सहसा दुसऱ्यात जाऊ देऊ नयेत.

पहिले पाकीट परवानगीचे आणि विमानाचे. भारतीय पासपोर्टधारकांना हाँगकाँगमध्ये चौदा दिवसांपर्यंत राहण्यासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. मात्र जानेवारी २०१७ पासून निघण्यापूर्वी संगणकावर नोंदणी करावी लागते. ती हाँगकाँग सरकारच्याच संकेतस्थळावर आणि विनामूल्य होते. पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर ती सरकारची नव्हेत हे ओळखावे. नोंदणी मंजूर झाली की तिची पावती कागदावर छापून घ्यावी. क्रम मात्र उलटा करू नये: आधी नोंदणी, मग विमानाचे तिकीट. नोंदणी नामंजूर झाली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

तिकिटाचा भाव ठरतो तो जाण्याच्या दिवसांवरून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे उकाडा, पाऊस आणि वादळे. आठ नंबरचा वादळी बावटा लागला की शहराचे बहुतेक व्यवहार थांबतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, नाताळ आणि चिनी नववर्ष या काळात गर्दीही दुप्पट आणि भावही चढे. आपली दिवाळी आटोपल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. हवा कोरडी, अंगाला सुखावणारी. बँकॉक किंवा क्वालालंपूरला विमान बदलून गेल्यास पुष्कळदा भाडे कमी पडते. परंतु सामान परस्पर पुढे जाते का, आणि मधल्या देशाचा व्हिसा लागतो का, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर चार पैसे वाचवायला जाऊन चाळीस जायचे.

दुसरे पाकीट खोलीचे. येथे दोघे असण्याचा फायदा मिळतो; खोलीचे भाडे एकाला तेवढेच दोघांना. उद्यानाची स्वतःची हॉटेले देखणी आहेत, पण आपल्या पाकिटाबाहेरची. त्यापेक्षा कौलून भागात चिम शा चुई, जॉर्डन, याऊ मा तेई या स्टेशनांच्या आसपास पाहावे. याच भागात 'मोदी रोड' आहे. मुंबईत जन्मलेल्या सर होर्मसजी मोदी या पारशी व्यापाऱ्याचे नाव त्या रस्त्याला आहे. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. खोल्या मात्र अगदी लहान असतात. पेटी उघडायची तर एकाने पलंगावर बसावे लागेल! खोलीला खिडकी आहे का, इमारतीला लिफ्ट आहे का आणि निवासाला सरकारी परवाना आहे का, या तीन गोष्टी विचारल्यावाचून पैसे भरू नयेत.

तिसरे पाकीट उद्यानाच्या तिकिटाचे. हा दर रोज सारखा नसतो. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी जास्त, साध्या वारी कमी. तेव्हा सहलीत मंगळवार-बुधवार येतील असा बेत करावा. ज्येष्ठांसाठी वेगळे तिकीट असते आणि ते नेहमीच्या तिकिटाच्या मानाने फारच स्वस्त पडते. पिकलेल्या केसांचा असा रोकडा मोबदला फार थोड्या ठिकाणी मिळतो. तो घ्यायचा तर वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा.

दरवाजे उघडण्यापूर्वी अर्धा तास तेथे असावे. सकाळचे पहिले दोन तास गर्दी कमी असते. तेवढ्यात मोठ्या रांगांचे खेळ उरकावेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेला 'फ्रोझन'चा बर्फाळ गाव हा त्यांतला एक. रक्तदाब, पाठ किंवा मान यांचे दुखणे असलेल्यांनी 'बिग ग्रिझली माउंटन' आणि 'हायपरस्पेस माउंटन' या सुसाट गाड्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी जगातल्या मुलांच्या बाहुल्यांमधून नेणारी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ची होडी आहे, जंगलातली नदीची सफर आहे आणि २०१३ सालचे 'मिस्टिक मॅनॉर' आहे. दुपारी पाय दुखले तर सावलीत बसून खुशाल मिरवणूक पाहावी. रात्रीच्या रोषणाईसाठी थांबल्यावाचून परतू नये. तिकिटाचे निम्मे पैसे तेव्हाच वसूल होतात.

चौथे पाकीट पोटाचे. उद्यानात जेवण महाग. सकाळी पोटभर न्याहारी करून निघावे आणि आत एकदाच जेवावे. बाहेरचे पदार्थ आत नेण्याबद्दलचा नियम आधी वाचून ठेवावा. शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की भाजीच्या ताटलीतही कालवांचा किंवा माशाचा रस असू शकतो; विचारून घेणे बरे. नेथन रोडवरील चुंगकिंग मॅन्शन्स या १९६१ सालच्या अवाढव्य इमारतीत भारतीय खाणावळी पुष्कळ आहेत. लाडू, चिवडा, शंकरपाळे यांचा एक डबा मात्र पेटीत हवाच. दिवाळीचा फराळ उरतो कुठे, हा प्रश्नही त्याने सुटेल.

पाचवे पाकीट फिरण्याचे. विमानतळावरून शहराच्या मध्यभागी जाणारी जलद गाडी माणशी शंभराहून अधिक हाँगकाँग डॉलर घेते. कौलूनला जाणारी ए-२१ क्रमांकाची बस साधारण त्याच्या एक तृतीयांश पैशांत नेथन रोडवर सोडते. गाडी, बस, होडी सर्वत्र चालणारे 'ऑक्टोपस' कार्ड उतरल्याबरोबर घ्यावे. डिस्नेलँडला जाण्यासाठी सनी बे स्टेशनवर गाडी बदलायची. पुढच्या गाडीच्या खिडक्या मिकी माऊसच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत आणि ती चालकावाचून धावते!

स्वस्तातली करमणूकही भरपूर. बंदर ओलांडणाऱ्या 'स्टार फेरी'चे भाडे अवघे काही डॉलर. हिचे मूळ दोराबजी नौरोजी मिठाईवाला या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थांनी १८८८ साली काढलेल्या होड्यांच्या कंपनीत आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. हाँगकाँगची ट्राम १९०४ पासून चालू आहे आणि आज ती दुमजली आहे. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरली की तीन-चार डॉलरांत सारे शहर डोळ्यांखालून जाते. एक दिवस लांताव बेटावरच्या प्रचंड बुद्धमूर्तीसाठी राखावा. १९९३ सालची ही कांस्यमूर्ती ३४ मीटर उंच आहे आणि तिच्याशी जायला २६८ पायऱ्या. तुंग चुंगहून दोराच्या पाळण्याऐवजी २३ क्रमांकाच्या बसने गेल्यास पुष्कळ पैसे वाचतात. तेथील पो लिन मठात शुद्ध शाकाहारी जेवण मिळते.

सहावे पाकीट अडीअडचणीचे. ते न उघडता परत आणता आले तर उत्तम. प्रवासाचा विमा यातूनच काढावा. परक्या गावी हॉस्पिटलची एक रात्र साऱ्या सहलीहून महाग पडू शकते. रोजची औषधे चार दिवस जादा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. विजेच्या बटणाला तिकडे तीन चौकोनी पायांची खीळ लागते. तीही पेटीत असावी.

हिशेब कसा मांडावा?

हाँगकाँगचा डॉलर १९८३ पासून अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एका अमेरिकन डॉलरला सुमारे ७.८ हाँगकाँग डॉलर. म्हणून अमेरिकन डॉलरचा त्या दिवशीचा भाव ७.८ ने भागला की उत्तर हाती येते. समजा तो भाव ९० रुपये असेल, तर हाँगकाँगचा डॉलर सुमारे साडेअकरा रुपयांना पडला. दुकानात कार्ड दिल्यावर ''रुपयांत की डॉलरांत?'' असे विचारले, तर तेथलेच चलन सांगावे. रुपयांत बिल केले की भाव बहुधा वाईट लागतो.

सहा पाकिटांची बेरीज करून त्यावर दहावा हिस्सा वाढवावा आणि येणाऱ्या रकमेला महिन्यांनी भागावे. समजा चार रात्रींच्या सहलीचा आकडा १,८०,००० आला, तर महिना दहा हजार बाजूला टाकून दीड वर्षात तो जमतो. एवढे जमेपर्यंत थांबावे. हप्त्यांवर सहल देणारे पुष्कळ भेटतील; पण परतल्यावर वर्षभर ज्या सहलीचे हप्ते भरावे लागतात, तिच्या आठवणी गोड राहत नाहीत.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हेही नवराबायकोने निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. खोली लहान चालेल, बस चालेल, डब्यातला चिवडा चालेल. नातेवाइकांसाठी भेटवस्तूंची यादी तर पहिल्यांदा फाडावी. परंतु विमा, औषध आणि उद्यानातला तो एक पूर्ण दिवस यांना कात्री लावू नये. आणि आणखी एक: या सहलीचा हिशेब मुलांच्या शिक्षणाशी किंवा नातवाच्या बारशाशी ताडून पाहू नये. ते सारे खर्च आपण वेळच्या वेळी आनंदाने केले. त्या जमाखर्चाच्या वहीत दोघांच्या नावाचे पान तेवढे कोरे राहिले आहे. त्यावर एखादी रक्कम मांडायला हरकत कोणाची?