वाऱ्याचा हिशेब : पत्रे का उडतात?

गाळप हंगाम आटोपतो, उसाचे बिल हाती पडते आणि आपल्या भागात बांधकामे निघतात. कुणी गोठा बांधतो, कुणी गुदाम, कुणी रानात वस्तीवर दोन खोल्या काढून वर पत्रे टाकतो. नेमके ह्याच दिवसांत वळवाचे वावधान सुटते आणि कुठे ना कुठे पत्रे उडतात. पत्र्यावर ठेवलेले दगड खाली येऊन माणसे-जनावरे जखमी होतात ते वेगळेच. मग म्हणायचे, "वाऱ्यापुढे कुणाचं चालतंय?" सभासद बंधू-भगिनींनो, आम्हाला हे पटत नाही. वाऱ्याच्या दाबाचा हिशेब करता येतो आणि त्याप्रमाणे बांधता येते.

हा हिशेब शिकायला जगाला किंमत मोजावी लागली. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात आगगाडीसकट कोसळला आणि गाडीतले सारे उतारू दगावले. पुलाच्या रचनेत वाऱ्याच्या दाबाची वेगळी तरतूदच नव्हती, हे चौकशीत उघड झाले. आपल्या देशात आज ह्यासाठी भारतीय मानक ८७५, भाग ३ ही नियमावली आहे. १९८७ साली ती स्वतंत्र भाग म्हणून निघाली आणि २०१५ साली सुधारली गेली.

नियमावलीत देशाचा नकाशा देऊन प्रत्येक पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ठरवून दिला आहे. जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सरासरी ५० वर्षांतून एकदा येईल अशा ३ सेकंदांच्या झोताचा हा वेग. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. नागपूर आणि हैदराबादला ४४ मीटर. परभणी जिल्हा ह्यांच्या मधोमध. आपल्या गावचा नेमका आकडा इंजिनियरकडून नकाशावर पाहून घ्यावा. येथे आपण ३९ धरू.

आता सूत्र. वेगाचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. ३९ गुणिले ३९ म्हणजे १५२१, त्याला ०.६ ने गुणले की ९१२ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ९३ किलो. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. वेग ४४ धरला तर हाच दाब ११८ किलो होतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवावे. उंची, आजूबाजूची झाडे-घरे, टेकडी ह्यांप्रमाणे इंजिनियर आणखी काही गुणक लावतात. माणसे राहत नाहीत अशा शेतातल्या बांधकामाला थोडी सूटही आहे. पण आपल्याकडे गोठ्यात माणूस निजतो, तेव्हा ती सूट घेऊ नये.

खरी गोम पुढेच आहे. वारा भिंतीला ढकलतो, पण छताला तो वर उचलतो. पाख्याच्या कडेवरून वारा उसळला की पत्र्याच्या वरच्या बाजूला दाब कमी पडतो आणि पत्रा वर ओढला जातो. १० अंश उताराच्या, म्हणजे १० फुटांत पावणेदोन फूट उताराच्या, ठेंगण्या दुपाखी शेडला समोरून वारा आला तर वाऱ्याकडच्या पाख्यावर ही ओढ मूळ दाबाच्या १.२ पट धरतात. त्यात वाऱ्याच्या बाजूचे मोठे दार सताड उघडे असले तर आत शिरलेली हवा खालून ०.७ पट दाब देते. दोन्ही मिळून १.९ पट. दार बंद, फटी थोड्या, तर आतला दाब ०.२ पटच राहतो.

८ फुटी पत्रा, झाकणारी रुंदी अडीच फूट, म्हणजे १.८ चौरस मीटर. दार उघडे असता त्याला वर उचलणारा जोर ३१८ किलो, बंद असता २३४ किलो. पत्र्याचे स्वतःचे वजन नऊ-दहा किलो! वर ठेवलेले चार दगड येथे काय पुरे पडणार? उलट पत्रा उचलला की तेच दगड डोक्यात पडतात.

आपल्या जुन्या माळवदाची घरे वाऱ्याने उडत नसत, कारण अर्धा फूट माती म्हटली तरी चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर वजन होते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड घरांखालीच माणसे गाडली गेली. म्हणून हलके छत चांगलेच. फक्त वजनाचे काम आता बांधणीने करावयास हवे.

ते कसे? एका पत्र्याला ८ हुक असतील तर प्रत्येकावर ४० किलो येतात, चारच मारले तर ८०. पुष्कळदा हुक तुटत नाही, पत्र्याचे भोक फाटते. म्हणून रुंद वायसर हवाच. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना ओढ जास्त, तेथे हुक जवळ जवळ मारावेत. पत्रा आडव्या अँगलला, अँगल कैचीला, कैची खांबाला आणि खांब पायाला, अशी साखळी पक्की असावी. एक कडी ढिली तर सगळी मेहनत वाया.

पायाचेही गणित पाहू. २० बाय ३० फुटांच्या शेडला, दार उघडे असता, एकूण उचल सुमारे पावणेआठ टन येते. एका ट्रॉलीत भरलेल्या उसाएवढी. आठ खांब असले तर सरासरी एकेकाला जवळजवळ एक टन. अडीच फूट लांब, रुंद व खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण तेवढाच भरतो. दोन घमेली माल टाकून खांब उभा करणे म्हणजे फसवणूक होय. त्यातून आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, खांबाभोवतीची माती सुटते आणि वावधान येते तेही त्याच वेळी.

नवीन शेड बांधणाऱ्यांनी उताराचाही विचार करावा. उतार २० अंश ठेवला तर समोरून येणाऱ्या वाऱ्याची वाऱ्याकडच्या पाख्यावरची ओढ १.२ पटीवरून ०.४ पटीवर येते. आढ्याच्या दिशेने वारा आला तर मात्र ओढ ०.७ पट राहतेच, सबब हुकांत काटकसर नको.

वळवाच्या आधी एक दिवस काढून हुक, वायसर, खांबाचा बूड तपासावा, पत्र्यावरचे दगड उतरवावेत आणि आभाळ भरून येताच वाऱ्याकडचे दार लावून घ्यावे, अशी सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.